मसुदा कुणाला दाखवतात?

(सातारा जिल्ह्यातील एका व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, विषयाची जाहिरात वाचून काहींना वाटलं असेल, हे गृहस्थ आता राफेल, चीन आणि थिएटर कमांडवर बोलणार. ते मी बोलणार नाही. त्यासाठी रोज रात्री नऊ वाजता टीव्हीवर पुष्कळ मंडळी बसलेली असतात, त्यांच्या पोटावर पाय आणायची माझी इच्छा नाही. मला एवढंच विचारायचं आहे की संरक्षण खातं एखादं धोरण ठरवतं, तेव्हा त्याचा मसुदा आधी कुणाला दाखवतं?

कुणालाच नाही, असं उत्तर बहुतेक जण देतील. ‘संरक्षणाचा मामला आहे, गुप्त असणारच.’ पण हे खरं नाही. २०२० सालचंच बघा. शस्त्रास्त्रं आणि सामग्री खरेदी करायची कशी, याची संरक्षण खात्याची एक जाडजूड कार्यपद्धती आहे. ती पहिल्यांदा २००२ मध्ये आली आणि नंतर वेळोवेळी बदलत गेली. २०२० मध्ये तिची नवी आवृत्ती करायची होती, तेव्हा मार्चमध्ये खात्याने मसुदा जाहीर केला आणि सूचना मागवल्या. तेवढ्यात लॉकडाऊन लागला, म्हणून सूचना पाठवायची मुदत वाढवली. आलेल्या सूचना वाचून जुलैच्या अखेरीस दुसरा मसुदा काढला, त्यावरही मतं मागवली. मग १ ऑक्टोबरपासून ती कार्यपद्धती लागू झाली. सामग्री विकत घेण्याऐवजी भाड्याने घ्यायची सोयही तिच्यात आली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संरक्षण उत्पादन आणि निर्यात धोरणाचाही मसुदा असाच लोकांपुढे ठेवला गेला. मी याबद्दल खात्याचं कौतुकच करतो. अब्जावधी रुपयांची खरेदी कशी होणार, हे देशापुढे दोनदा मांडलं आणि आभाळ काही कोसळलं नाही.

आता १४ जून २०२२ कडे या. साताऱ्यात ही तारीख सांगावी लागत नाही. त्या दिवशी मंत्रिमंडळाने सैन्यभरतीची अग्निपथ योजना मंजूर केली आणि त्याच दिवशी ती जाहीर झाली. साडेसतरा ते एकवीस वय, चार वर्षांची नोकरी, त्यानंतर पंचवीस टक्क्यांपर्यंत मुलं कायम होणार, बाकीची साधारण पावणेबारा लाखांचा सेवानिधी घेऊन घरी. पहिल्या वर्षी ४६,००० जागा. योजना चांगली की वाईट, यावर मी आज निकाल देणार नाही. सैन्याचं सरासरी वय कमी करायचं, हे उद्दिष्ट गैर नाही आणि पेन्शनचा वाढता भार हाही खोटा प्रश्न नाही. न्यायालयांनीही ती वैध ठरवली. दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये आणि त्यानंतर एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने.

माझा मुद्दा आदल्या दिवसाचा आहे. १३ जूनला, या जिल्ह्यात पहाटे उठून रस्त्याच्या कडेने सोळाशे मीटर मारणाऱ्या पोराला काय माहीत होतं? साडेपाच मिनिटांच्या आत यायचं, आडव्या दांडीला लोंबकळून बीम मारायचे, नऊ फुटी खड्डा ओलांडायचा, मेडिकल काढायचं, मग लेखी. कोविडमुळे दोन वर्षं भरती ठप्प होती. मैदानी आणि मेडिकल पास होऊन लेखीची वाट बघत बसलेली पोरं गावोगावी होती. त्यांच्या बापांनी अकॅडमीची फी भरलेली होती. दुसऱ्या दिवशी त्यांना कळलं की ज्या भरतीसाठी हे सगळं चाललं होतं ती भरतीच राहिली नाही, आणि अर्धवट राहिलेल्या प्रक्रियाही रद्द.

पुढचा आठवडा तुम्ही पाहिलात. बिहारमध्ये रेल्वेचे डबे जळाले, सिकंदराबाद स्थानकात एका तरुणाचा जीव गेला. १६ जूनला त्या वर्षापुरती कमाल वयोमर्यादा तेवीस केली. १८ जूनला केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत अग्निवीरांसाठी, म्हणजे या योजनेतून भरती होणाऱ्या जवानांसाठी, दहा टक्के जागा राखून ठेवल्याची घोषणा झाली. १९ जूनच्या पत्रकार परिषदेत वरिष्ठ लष्करी अधिकाऱ्यांनी सांगितलं की या सवलती जाळपोळीमुळे दिलेल्या नाहीत, त्या आधीपासूनच ठरलेल्या होत्या. मी हे म्हणणं शब्दशः खरं मानायला तयार आहे. आणि म्हणूनच विचारतो, ठरलेल्या होत्या तर १४ तारखेला का सांगितल्या नाहीत? त्याच्या तीन महिने आधी, मसुद्यात का नाही? दोन वर्षं भरती बंद आहे, वय उलटून चाललंय, ही गोष्ट आपल्याकडच्या कुठल्याही भरती अकॅडमीतल्या कोचने एका ओळीत लिहून पाठवली असती. त्यासाठी डबे जाळावे लागले नसते.

सरकारची बाजू सांगितली नाही तर अन्याय होईल. १ जुलै २०२४ ला लोकसभेत संरक्षणमंत्री राजनाथ सिंह म्हणाले की योजना आणण्यापूर्वी १५८ संस्थांचा सल्ला घेतला होता. असेल. पण १५८ संस्थांना बोलावून विचारणं आणि मसुदा जाहीर करून जो कुणी लिहील त्याचं वाचणं, यात फरक आहे. पहिल्यात कुणाला बोलवायचं ते बोलावणारा ठरवतो. आपल्या अपशिंगे मिलिटरी या गावाला कुणी बोलावलं नव्हतं. ज्या गावची माणसं पहिल्या महायुद्धापासून कामी येत आली, त्या गावाला भरतीच्या धोरणावर काही म्हणायचं असेल असं कुणाच्या मनात येऊ नये?

इथे कायद्याचं कुणी जाणकार बसलं असेल तर ते म्हणतील, अहो, कायद्याचा मसुदा तीस दिवस लोकांपुढे ठेवायचं धोरण २०१४ पासून आहे की! आहे. पण ते कायदे आणि कायद्याखालच्या नियमांसाठी आहे. त्यातही ‘शक्य नाही’ अशी कारणं मंत्रिमंडळाच्या टिपणात नोंदवून खात्याला सुटता येतं. अग्निपथ हे विधेयकच नव्हतं, तो प्रशासकीय निर्णय होता. म्हणजे ते धोरण लागूच नव्हतं. पण गंमत अशी की खरेदीच्या कार्यपद्धतीलाही ते लागू नव्हतं, तरी तिचा मसुदा दोनदा निघाला. का? कारण तिथे विकणाऱ्यांच्या संघटना आहेत, त्यांची दिल्लीत कार्यालयं आहेत, त्यांच्याशिवाय खात्याचं पान हलत नाही. जो माल विकतो त्याला मसुदा दाखवतात, जो मुलगा देतो त्याला थेट निकाल कळवतात. मला जे म्हणायचं आहे ते एवढंच आहे.

गुप्ततेचा आक्षेप मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. कुठली ब्रिगेड कुठे आहे, दारूगोळा किती दिवस पुरेल, हे चौकात मांडायचं नसतं. पण सैनिकाला किती वर्षं ठेवायचं, त्याला पेन्शन द्यायची की नाही, हे काही शत्रूपासून लपवायचं गुपित नाही. योजना जाहीर झाली की त्यालाही कळतंच. आपल्याकडे जे उघड करायचं त्याच्यावरसुद्धा झाकण ठेवायची जुनी सवय आहे. आपल्या कराडचे यशवंतराव १९६२ च्या नोव्हेंबरात संरक्षणमंत्री झाले. चीनबरोबरच्या त्या युद्धात काय चुकलं याची लष्करी चौकशी झाली आणि सप्टेंबर १९६३ मध्ये यशवंतरावांनी संसदेत निवेदन करून निष्कर्षांचा सारांश सांगितला. मूळ अहवाल सरकारने साठ वर्षांनंतरही प्रसिद्ध केलेला नाही. उलट कारगिलनंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तिच्यात बी. जी. व्हर्गीस हे पत्रकारही होते. तिचा अहवाल फेब्रुवारी २००० मध्ये, काही भाग गाळून का होईना, संसदेत ठेवला गेला. नाजूक भाग गाळून बाकीचा लोकांपुढे ठेवता येतो, हे तेव्हाच दिसलं.

दुसरीकडे कसं चालतं ते कॅनडाच्या उदाहरणावरून सांगतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये तिथल्या सरकारने नवं संरक्षण धोरण लिहायला घेतलं आणि त्यावर लोकांची मतं मागवली. अशी जाहीर विचारणा वीसेक वर्षांत झाली नव्हती. संरक्षणमंत्री होते हरजित सज्जन. जन्म पंजाबातल्या होशियारपूर जिल्ह्यातला, स्वतः अफगाणिस्तानात लढून आलेले. देशापुढचे धोके कोणते, सैन्याने प्रामुख्याने काय करावं आणि त्यासाठी त्याच्याकडे काय असायला हवं, अशा तऱ्हेचे प्रश्न लोकांपुढे ठेवले. शहरोशहरी तज्ज्ञांच्या बैठका झाल्या. ३१ जुलैपर्यंत वीस हजारांहून जास्त लोकांनी लिहून पाठवलं. पुढच्या वर्षी, ७ जून २०१७ ला धोरण आलं. त्यात वर्षाचा संरक्षण खर्च दहा वर्षांत १८.९ अब्ज डॉलरवरून ३२.७ अब्जांवर न्यायचं ठरलं, नियमित सैन्य साडेतीन हजारांनी वाढवायचं ठरलं.

आता टाळ्या वाजवायच्या आधी पुढचं ऐका. लोकांची पत्रं येतच होती, मुदत संपली नव्हती, आणि जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात वॉर्सामध्ये नाटोच्या परिषदेत कॅनडाने लाटव्हियातल्या बहुराष्ट्रीय तुकडीचं नेतृत्व स्वीकारून टाकलं. म्हणजे सैन्याने प्रामुख्याने काय करावं, या प्रश्नाच्या एका मोठ्या भागाचं उत्तर परस्परच देऊन झालं. नोव्हेंबरात, धोरण यायच्या सहा महिने आधी, अठरा सुपर हॉर्नेट विमानं तातडीने घ्यायचं जाहीर केलं. पुढे तो बेत गुंडाळून ऑस्ट्रेलियाची वापरलेली विमानं घेतली, ती गोष्ट वेगळी. तेव्हा विचारणारं सरकार ऐकेलच असं नाही. पण तिथला नागरिक सरकारला दोन तारखा शेजारी ठेवून दाखवू शकतो: ही तुम्ही आम्हाला विचारत होतात ती, आणि ही तुम्ही ठरवून मोकळे झालात ती. आपल्या पोरांकडे १४ जूनच्या आधीची तारीखच नाही.

आपल्याकडे विचारविनिमयाची एक देशी पद्धत आहे, ती म्हणजे साहेबांना भेटून येणं. नगरच्या के. के. रेंजचं घ्या, खारे-कर्जुने इथला रणगाड्यांच्या सरावाचा जुना पट्टा. त्याच्या विस्तारात राहुरी, पारनेर आणि नगर तालुक्यांतली गावं जाणार अशी भीती २०२० मध्ये पसरली. मग शरद पवार आमदार नीलेश लंके यांना घेऊन दिल्लीत संरक्षणमंत्र्यांना भेटले. गावांना बरं वाटलं असेल आणि ते स्वाभाविकही आहे. पण ज्या गावाला साहेब नाही त्याने कुठे जावं?

त्याचं उत्तर आपल्याच संसदेत आहे आणि ते फार थोड्यांना माहीत आहे. ‘वन रँक वन पेन्शन’ची मागणी तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे, या सभागृहात ती पेन्शन घेणारेही बसलेत. जंतरमंतरवरचं २०१५ चं उपोषण लोकांच्या लक्षात आहे, पण त्याच्या चार वर्षं आधी काय झालं ते नाही. माजी सैनिकांची मागणी अर्जाच्या रूपाने राज्यसभेच्या याचिका समितीपुढे गेली होती. समितीचे अध्यक्ष होते भगतसिंह कोश्यारी. हो, तेच, नंतर आपले राज्यपाल झालेले. त्यांच्या राजभवनातल्या कारकिर्दीवर इथे दोन मतं असतील, पण ही समिती त्यांनी नेटकी चालवली. अर्जदारांना ऐकलं, खात्यांच्या अधिकाऱ्यांना समोर बसवून प्रश्न विचारले आणि डिसेंबर २०११ मध्ये अहवाल दिला. समान पद आणि समान सेवाकाळ असेल तर निवृत्ती कधीही झालेली असो, पेन्शन समान. आणि पुढे वाढ झाली तर ती जुन्यांना आपोआप. ही व्याख्या त्या अहवालात आहे, आणि पुढची सगळी भांडणं, अगदी सर्वोच्च न्यायालयापर्यंत, याच व्याख्येला धरून झाली.

त्याच अहवालात आणखी एक वाचण्यासारखी गोष्ट आहे. समितीपुढे वर्षाच्या खर्चाचा अंदाज ठेवला गेला तो १,३०० कोटींचा. एवढ्या मोठ्या देशाला हा खर्च फार नाही, असं समितीने म्हटलं. ५ सप्टेंबर २०१५ ला मनोहर पर्रीकरांनी निर्णय जाहीर केला तेव्हा आकडा होता आठ ते दहा हजार कोटी. चार वर्षांत एवढा फरक कसा पडला? पगार वाढले, माणसं वाढली, व्याख्या ताणली, काहीही कारण असो. पहिला आकडा लोकांपुढे तपासायला ठेवला असता तर पेन्शनचा हिशेब स्वतः करणारे शेकडो निवृत्त सुभेदार-हवालदार त्याच्यावर तुटून पडले असते. पेन्शनच्या तक्त्यातली चूक माजी सैनिक जितक्या लवकर पकडतो तितक्या लवकर कुठलाही लेखापाल पकडत नाही, हा माझा अनुभव आहे.

(भाषणानंतर श्रोत्यांतल्या एका माजी सैनिकाने विचारले, ‘साहेब, हे झालं २०११ चं. अग्निवीरांचं आता काय करता येईल?’)

चांगलं विचारलंत. पहिली तुकडी जानेवारी २०२३ च्या सुमारास प्रशिक्षणाला बसली. म्हणजे त्यांची चार वर्षं २०२६ च्या अखेरीपासून भरायला लागतात. याचिका समितीचा तोच रस्ता तुम्हालाही खुला आहे. पण ‘योजना रद्द करा’ एवढंच लिहिलंत तर तो अर्ज राजकीय म्हणून बाजूला पडेल. नेमकं मागा. कायम करायचे पंचवीस टक्के कसे निवडणार, गुण कशाला किती, हे मुलांना आधी लेखी कळलं पाहिजे. ज्यांना घरी पाठवणार त्यांच्यापैकी किती जण पोलीस दलांत लागले, याचा आकडा दरवर्षी संसदेपुढे आला पाहिजे. नोकरीत असताना अपंगत्व आलं तर काय मिळणार, हे साध्या भाषेत छापलं पाहिजे. याशिवाय संसदेची संरक्षणविषयक स्थायी समिती आहे, एकतीस खासदारांची. संसदेच्या समित्या एखादा विषय तपासायला घेतात तेव्हा वर्तमानपत्रात जाहिरात देऊन निवेदनं मागवतात, तिच्यावरही नजर ठेवा. याचिका खासदारामार्फत सभागृहात मांडायची असेल तर तिच्यावर त्याची प्रतिस्वाक्षरी लागते. मराठीत लिहिलीत तरी चालते, फक्त सोबत हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर जोडायचं. ते भाषांतर करून द्यायला मी तयार आहे. कागद घेऊन या.