थोरला भाऊ मोरीमागे

पत्रिकेवर विषय छापलाय ‘वनस्पती-उद्यान आणि लोकस्मृती’. तो मी घेणार आहे, काळजी नसावी. पण आधी अळूचं बोलू द्या. सहा महिने घशात खवखवतंय. अळूच ते, खवखवणारच.

लेकीकडे अमेरिकेला गेलो होतो, तिनं हवाईची तिकिटं काढली. हॉटेलात शिरल्या शिरल्या गळ्यात चाफ्याचा हार. आमची ही म्हणाली, “अगं बाई, हा तर देवळामागचा चाफा!” बरोबरच होतं तिचं. हा चाफा मूळचा अमेरिका खंडातला, हवाईत पोचला एकोणिसाव्या शतकात. अननस? तोही बाहेरचा. अँथुरियम तर कोलंबियाकडचं. म्हटलं, अरे, मग तुमचं स्वतःचं काय ते तरी दाखवा! त्या हट्टापायी लिमाहुलीला गेलो.

काउआई बेटाचा उत्तर किनारा. माकाना डोंगराच्या पायथ्याशी ही बाग. १९७६ साली ज्युलिएट राइस विचमन यांनी ही जमीन वनस्पती-उद्यानाला देऊन टाकली. आत शिरलं की लाव्हाच्या काळ्या दगडांचे बांध, शेकडो वर्षांचे, आणि पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारी खाचरं. ओढ्याचं पाणी वरच्या खाचरातून खालच्यात. अगदी आपल्या भाताच्या खाचरांसारखं. पण लावलं होतं काय? अळू! जांभळट देठ, पानावर पाण्याचा थेंब पाऱ्यासारखा पळतोय. ही वाकून पान निरखत म्हणाली, “वड्यांना झकास आहे.” मी तिला हळूच मागे ओढलं, कारण वाट दाखवणारी मुलगी त्या अळूची ओळख करून देत होती, आणि ती ओळख घरातल्या माणसाची होती.

गोष्ट अशी. हवाईच्या पुराणकथेतले वाकेआ आणि होओहोकूकालानी, त्यांचं पहिलं मूल मृत जन्मलं. ते पुरलं, तिथे अळू उगवलं. दुसरा मुलगा जगला, तो हालोआ, हवाईच्या माणसांचा पूर्वज. म्हणजे अळू थोरला भाऊ. धाकट्यानं त्याची काळजी घ्यायची, थोरल्यानं धाकट्याला जेवू घालायचं. अळूला ते ‘कालो’ म्हणतात. कंदाला फुटणारी पिल्लं ‘ओहा’, त्यावरून कुटुंबाला ‘ओहाना’. अळकुड्या कुटलेल्या पोईचं भांडं उघडं असताना घरात भांडायचं नाही, असा दंडक. आपल्याकडे पंगतीत फदफदं वाढून होईपर्यंत मानापमान सुरू झालेले असतात!

आता खरं सांगा. ज्यांच्या घरी अळू मोरीमागे, सांडपाण्यावर होतं, त्यांनी हात वर करा. बघा! पहिल्या रांगेतल्या काकूसुद्धा. आमच्या आजोळी न्हाणीचं पाणी जिथे जायचं तिथेच ते माजायचं. विकत आणणं म्हणजे कमीपणा. तिकडे थोरला भाऊ, इकडे खरकट्या पाण्याचा धनी. खवखवतं म्हणून त्यात चिंच, आंबट चुका घालून आपण त्याची समजूत काढतो. ते लोक पानं तासन्‌तास शिजवतात. त्या पानाचं नाव ‘लुआऊ’, आणि जेवणाचा मोठा बेत म्हणजेही लुआऊच. मेजवानीला भाजीचं नाव! आपण लग्नाच्या पंगतीला ‘अळू’ म्हणून बघा, व्याही काय म्हणतात ते.

आणि हे नातं पुस्तकात राहिलेलं नाही. हवाई विद्यापीठानं अळूच्या तीन संकरित वाणांवर पेटंट घेतलं, तेव्हा लोक उठले. भावावर मालकी कुणाची? २००६ साली विद्यापीठानं पेटंट सोडून दिलं.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, मुख्य मुद्दा.

लिमाहुलीत दोन प्रकारची झाडं आहेत. एक, माणसाच्या आधीपासूनची. हवाईच्या मूळ सपुष्प वनस्पतींपैकी सुमारे नव्वद टक्के जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. त्यातली ‘आलुला’ उभ्या कड्यांवर वाढायची. तिचं परागीकरण करणारा पतंग बहुधा नाहीसा झाला, म्हणून वनस्पतीतज्ज्ञ दोराला लोंबकळून हातानं पराग लावायचे. दुसरी, होड्यांतून आलेली. हजारेक वर्षांपूर्वी पॉलिनेशियन दर्यावर्दींनी आणलेली, दोनेक डझन: अळू, ऊस, नारळ, केळ, हळद, विलायती फणस, उंडी. यादी ऐकून रत्नागिरीचं परसू आठवलं ना? बागेनं दोन्ही राखली, पण खाचरंही चालती ठेवली. बियाणं पेटीत जपता येतं. चिखलात पाय घालून ओहा लावायची रीत मात्र लावूनच टिकते. हवाईत अळूचे शेकडो वाण होते म्हणतात, आज काही डझन उरलेत.

अध्यक्ष उभे राहिले, थांबतो. मागच्या टेबलावर वही ठेवलीय. तुमच्या गावात अळूला काय काय म्हणत, काळं, पांढरं, तेरं, मोरीमागचं, जे असेल ते जाताना लिहा. पेन दोरीला बांधलंय, गेल्या वेळी गेलं होतं.