दोन ग्रॅमचा भार

[दृश्य: पत्र्याची पेटी उघडते. रेकॉर्डींचे कोपरे झिजलेले कव्हर.]

माळ्यावरची जुन्या रेकॉर्डींची पेटी खाली उतरली की घरातलं कोणीतरी लगेच मोबाईलवर प्लेअरच्या किमती बघायला लागतं. थोडं थांबा. आधी गठ्ठा निवडायचा, गहू निवडतात तसा.

7 इंची बहुतेक 45 फेऱ्यांच्या. 12 इंची एलपी, मिनिटाला 33⅓ फेऱ्या. आणि तळाशी 10 इंची, जड, हातातून निसटली तर बशीसारखी फुटणारी, लाखेची, 78 फेऱ्यांची. भारतात 78च्या तबकड्या 1960च्या दशकातही निघत होत्या, तेव्हा जुन्या पेटीत त्या सापडल्या तर नवल नाही. कोणता प्लेअर घ्यायचा ते या तळच्या थरावर ठरतं.

कारण मध्यम किमतीच्या पुष्कळ प्लेअरांवर 78चा वेग नसतोच. ऑडिओ-टेक्निकाचा एटी-एलपी60एक्स 33 आणि 45वरच चालतो, शिवाय त्याच्या सुईचा भार, म्हणजे ती रेकॉर्डवर किती दाबते ते, बदलता येत नाही. त्याच कंपनीच्या एटी-एलपी120एक्सवर तिन्ही वेग आहेत, भार हाताने लावता येतो, सुईचा बारीक आवाज मोठा करणारा फोनो प्रीअँप आतच आहे. पेटीत 78 असतील तर जास्तीचे पैसे इथे घालावेत. नसतील तर साधा बेल्टचा प्लेअरही चालेल, फक्त भार लावता येणारा हवा. सुटकेससारखे दिसणारे स्वस्त प्लेअर घेऊ नका. त्यांची सुई पाच ग्रॅमच्या आसपास दाबते आणि जुनी खाच आणखी झिजवते.

परदेशातून आलेला जुना प्लेअर स्वस्तात मिळत असेल तर मागची पाटी वाचा. 120 व्होल्ट, 60 हर्ट्झ लिहिलेलं असेल तर तो आपल्या 230वर थेट लावला की जळेल. ट्रान्सफॉर्मर लावूनही जुनी एसी मोटर आपल्या 50 हर्ट्झवर हळू फिरते. 33⅓च्या जागी जेमतेम 28 फेऱ्या होतात आणि गाण्याची पट्टीच खाली येते.

[दृश्य: सुईचं टोक, भिंगातून.]

आता सुई. एलपीच्या सुईच्या टोकाची गोलाई साधारण 18 मायक्रॉन, 78च्या सुईची 75च्या आसपास. एलपीची सुई लाखेच्या रुंद खाचेत तळाशी घसरते, तळातली धूळ खरवडते आणि फक्त खरखर ऐकू येते. उलट केलं, म्हणजे 78ची सुई एलपीवर ठेवली, तर ती एलपी गेलीच समजा. म्हणून एकाच कार्ट्रिजला, म्हणजे सुई जिच्यात बसते त्या डबीला, दोन सुया ठेवाव्यात. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम95 मालिकेत 78साठीची सुईही मिळते. पुढची सुई ओढायची, दुसरी बसवायची, आणि त्या सुईला कंपनीने सांगितलेला भार पुन्हा लावायचा.

भार लावणं म्हणजे काय? आधी प्लेअर सपाट करा. गवंड्याची पाणसळ ताटलीवर आडवी-उभी ठेवून बघा. मग अँटीस्केटिंग, म्हणजे हात आत ओढला जाऊ नये म्हणूनची चकती, शून्यावर आणा आणि मागचं वजन फिरवून सुईचा हात हवेत आडवा तरंगू द्या. तिथे आकड्यांची चकती शून्यावर आणायची आणि वजन फिरवत 2 ग्रॅमवर न्यायचं. व्हीएम95च्या एलपीच्या सुईला 1.8 ते 2.2 चालतं, 78च्या सुईचा भार वेगळा. अँटीस्केटिंगही 2वर. भार कमी ठेवला तर सुई वाचते, हा गैरसमज आहे. हलकी सुई खाचेत उड्या मारते आणि भिंती फोडते.

चकतीवरच्या आकड्याची खात्री करायची तर सराफाच्या छोट्या डिजिटल काट्यावर करता येते. जळगावच्या सुवर्णनगरीत तो सहज दिसेल. दोन गोष्टी सांभाळा: काट्याची ताटली रेकॉर्डच्याच उंचीवर हवी, आणि ती लोखंडी नको. कार्ट्रिजमधला चुंबक लोखंडाकडे ओढला जातो आणि वजन खोटं दाखवतो.

[दृश्य: प्लेअरची मागची बाजू, वायर जोडणारे हात.]

कार्ट्रिजमधून निघणारा आवाज काही मिलिव्होल्टचा, म्हणून फोनो प्रीअँप लागतो. प्लेअरच्या आतला प्रीअँप चालू असताना अँप्लिफायरच्या फोनो जॅकला वायर लावली तर आवाज फाटतो. दोन्हींपैकी एकच. सतत घूं असा आवाज येत असेल तर बहुधा अर्थिंगची बारीक वायर सुटलेली असते.

आता आपली हवा. मे महिन्यात पारा 45पर्यंत जातो. पत्र्याखाली किंवा बंद गाडीत ठेवलेली एलपी वाकते. उभी ठेवा, घट्ट नाही, तिरकीही नाही. धाब्याच्या घरात छतातून माती गळत राहते, कापसाच्या हंगामात तंतू उडतात, म्हणून प्लेअरचं झाकण हवंच. लाकडी पाटणीवर पाऊल पडलं की सुई उडते. प्लेअर भिंतीला ठोकलेल्या फळीवर ठेवा. धुवायला बोअरचं पाणी नको, त्यातले क्षार खाचेत बसतात. डिस्टिल्ड वॉटर घ्या, मऊ कापडाने खाचेच्या दिशेने पुसा, कागदी लेबल कोरडं ठेवा. लाखेच्या तबकडीला स्पिरिट लावायचं नाही, स्पिरिटमध्ये लाख विरघळते.

[दृश्य: बाजू संपते. सुईच्या टोकाला करडा गोळा.]

एक बाजू संपली की हे असं दिसतं. फुंकर मारू नका, बोट लावू नका. मऊ ब्रश, मागून पुढे, एकदा. आडवा कधीच नाही. मग दुसरी बाजू लावा.