किती अटेम्प्ट द्यायचे, हे निकालाच्या आधी ठरवा
(तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयातल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

नमस्कार. मागे जे उभे आहेत त्यांनी पुढे या ना, सतरंजीवर जागा आहे. वरच्या अभ्यासिकेतली मुलंमुली आज पुस्तकं मिटून खाली आलीत आणि बरेच पालकही आलेत, हे फार बरं झालं, कारण मला जे बोलायचंय ते निम्मं मुलांसाठी आहे आणि निम्मं घरच्यांसाठी.

पत्रिकेवर विषय छापलाय "ध्येय आणि ताणतणाव". एवढा मोठा विषय तासाभरात होत नाही, म्हणून मी त्यातला एकच तुकडा घेते, स्पर्धा परीक्षा. या हॉलमधल्या जवळजवळ प्रत्येक घरात कुणीतरी एमपीएससी, यूपीएससी, तलाठी, पोलीस भरती यातलं काहीतरी करतंय. मी पण केलंय, पुण्यात पेठेत कॉट बेसिसवर राहून, मेसचा डबा खाऊन, आणि आता याच मुलांशी बोलायचं काम करते.

आधी आकडे सांगते, कारण टॉपरच्या सत्कारात ते कुणी सांगत नाही. यूपीएससीची 2023 ची नागरी सेवा परीक्षा घ्या. अर्ज आले 10 लाखांच्या वर. प्रत्यक्ष प्रीला, म्हणजे पूर्व परीक्षेला, बसले साधारण 5 लाख 92 हजार. त्यातून मेन्सला, म्हणजे मुख्य परीक्षेला, गेले 14,624, मुलाखतीपर्यंत पोचले 2,855 आणि शेवटी यादीत नाव आलं 1,016 जणांचं. म्हणजे पेपर दिलेल्या जवळपास 580 जणांमागे एक. हे मी घाबरवायला सांगत नाहीये. एवढंच म्हणतेय की "मी कलेक्टर होणारच" हे वाक्य भिंतीवर चिकटवून रोज सकाळी वाचलं तरी ते तुमच्या हातातलं नाही, कारण जागा किती निघतात, पेपर कसा येतो, शेजारच्या बाकावरच्याला किती पडतात, कट-ऑफ कुठे लागतो, यातलं काहीच तुम्ही ठरवत नाही. ती इच्छा आहे, असू द्या, इच्छा असायलाच पाहिजे. पण दिवसभर ज्याच्यावर काम करायचं ते ध्येय वेगळं हवं, आणि ते इतकं साधं हवं की रात्री झोपताना झालं की नाही झालं एवढंच सांगता यावं. आज राज्यघटनेचं अमुक प्रकरण वाचून पुस्तक बंद करून जे आठवतं ते लिहून काढलं का, या आठवड्यात दोन पूर्ण पेपर वेळ लावून सोडवले का, एक उत्तर लिहून कुणाकडून तरी तपासून घेतलं का. बस.

आणि तारखासुद्धा आपल्या हातात नसतात हे तर आपण डोळ्यांनी बघितलंय. 14 मार्च 2021 ची एमपीएससीची राज्यसेवा पूर्व परीक्षा, तीन दिवस आधी पुढे ढकलली, पुण्यात शास्त्री रोडवर मुलं रस्त्यावर उतरली, मग ती 21 मार्चला झाली. 2024 ला परत तेच, 25 ऑगस्टची पूर्व परीक्षा, त्याच दिवशी आयबीपीएसचा, म्हणजे बँक भरतीचा, पेपर, पुन्हा आंदोलन, पुन्हा पुढे, आणि शेवटी झाली कधी तर 1 डिसेंबरला. मध्ये मेन्सचा पॅटर्न बदलणार म्हणून गोंधळ, वर्णनात्मक पेपर 2023 पासून म्हणाले, मग मुलांच्या मागणीवरून 2025 पासून झालं. यात चूक कुणाची हा आजचा विषय नाही. पण त्या ऑगस्टमध्ये मी जी मुलं बघितली त्यात सरळ दोन प्रकार दिसले, एक ज्यांनी सगळा जीव "25 तारखेला प्री काढायची" यावर लावला होता, त्यांच्या हातातून एकदम सगळं सुटलं, काही जण गावी गेले ते दिवाळीपर्यंत पुस्तकाला हात लावला नाही, आणि दुसरी ज्यांचं काम दिवसाचं ठरलेलं होतं, त्यांनाही राग आला, तीही आंदोलनात बसली, पण 26 तारखेला सकाळी काय करायचं हे त्यांना माहीत होतं.

आता एक छोटी गोष्ट, ऐकायला फार किरकोळ वाटते पण खूप उपयोगाची आहे. पीटर गोलविट्झर म्हणून एक जर्मन मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी वर्षानुवर्षं यावर काम केलंय की माणसं ठरवतात ते करत का नाहीत. त्यांचं म्हणणं असं की "मी जास्त अभ्यास करीन" असं ठरवून फारसं होत नाही, पण "अमुक झालं की मी तमुक करीन" असं वेळ, जागा, प्रसंग धरून ठरवलं तर होण्याची शक्यता बरीच वाढते. जर-तरचं वाक्य. कारण मग त्या क्षणी विचार करावा लागत नाही, विचार आधीच झालेला असतो. हे मी मुलांना सगळ्यात जास्त कशासाठी करायला लावते माहितीये, आन्सर कीसाठी, म्हणजे आयोग बरोबर उत्तरांची यादी काढतो तिच्यासाठी. प्री झाल्यावरचे आठवडे आठवा. टेलिग्रामवर रोज नवा एक्स्पेक्टेड कट-ऑफ, प्रत्येक क्लासचा वेगळा, अमुक प्रश्न रद्द होणार म्हणे, तमुकचं उत्तर आयोग बदलणार म्हणे, आणि मुलगा दिवसातून दहा वेळा मार्क मोजतोय, मोजून मार्क वाढत नाहीत पण मेन्सचे ते आठवडे जातात ते जातातच. म्हणून पेपरच्या आधीच वहीत लिहून ठेवायचं, "आन्सर की आली की मी एकदाच मार्क मोजीन, तेही रूम पार्टनरसोबत बसून, मग ग्रुप म्यूट करीन आणि संध्याकाळी मेन्सचं पहिलं पुस्तक उघडीन." तसंच पहाटे झोप उघडून छातीत धडधड होत असेल तर काय करीन, घरून फोन आला आणि आई रडली तर काय करीन, हे सगळं आधी लिहायचं. ज्या दिवशी डोकं चालत नाही त्या दिवसासाठी डोकं चालत असताना लिहून ठेवायचं.

आता स्वप्निल कुसाळेचं बोलूया, सगळ्यांना माहिती आहे. राधानगरी तालुक्यातलं कांबळवाडी गाव. 1 ऑगस्ट 2024, पॅरिस ऑलिंपिक, 50 मीटर रायफल थ्री पोझिशन, ब्राँझ. त्या दिवशी सगळ्यांनी स्टेटस ठेवले. पण मला त्याच्या आधीचे दोन निकाल जास्त महत्त्वाचे वाटतात. 2022 ला कैरोत वर्ल्ड चॅम्पियनशिप, चौथा. त्यातून देशाला ऑलिंपिकचा कोटा मिळाला, पण मेडल नाही. 2023 ला हांगझोऊ, एशियन गेम्स, टीमचं गोल्ड मिळालं, पण वैयक्तिक फायनलमध्ये पुढे असताना स्टँडिंगला, म्हणजे उभं राहून मारताना, एक गोळी 7.6 गुणांची गेली आणि पुन्हा चौथा. एक गोळी! आपल्याकडे दोन मार्कांनी मेन्स हुकलेली मुलं आहेत, त्यांना कळेल हे काय असतं. आणि पॅरिसलासुद्धा नीलिंग, म्हणजे गुडघ्यावर बसून मारायचं, संपलं तेव्हा तो सहावा होता, प्रोन, म्हणजे पालथं झोपून मारायचं, झाल्यावर पाचवा, आणि स्टँडिंगला, म्हणजे ज्या पोझिशनमध्ये आदल्या वर्षी घात झाला होता तिथेच, वर आला. नेमबाजीत दुसऱ्याच्या स्कोअरचं तुम्ही काहीच करू शकत नाही, पुढची गोळी तेवढी तुमची असते, आणि मला वाटतं म्हणूनच हा खेळ आपल्या मुलांनी बघावा.

पण यातलं एक कुणी बोलत नाही आणि मला आज तेच ठासून सांगायचंय. तो 2015 पासून रेल्वेत होता, टीसी म्हणून. म्हणजे दोनदा चौथा आला तेव्हा त्याच्या पायाखाली जमीन होती, महिन्याचा पगार होता. "सगळं सोडून झोकून द्या, मागचे दोर कापा" हे जे स्टेजवरून सांगतात ना, ते मला अजिबात पटत नाही, उलट त्याने मुलं मोडताना मी बघितलीत. ज्याला उद्याच्या मेसच्या पैशाची काळजी आहे त्याचं पेपरमध्ये लक्ष कसं लागणार? सरळसेवेची जाहिरात निघाली तर भरा. टायपिंगची मराठी 30 ची, म्हणजे मिनिटाला 30 शब्दांची, परीक्षा देऊन ठेवा, क्लार्कला लागते. अर्धवेळ काम मिळत असेल तर करा. नोकरी करून परीक्षा देणारा कमी सिरियस असतो हा पेठेतला समज आहे, तो काढून टाका.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी मी आले. थांबायचं कधी.

एमपीएससीला खुल्या गटाची वयोमर्यादा 38 आहे, मागासवर्गीयांची 43. म्हणजे आयोग तुम्हाला लवकर थांबवणार नाही. पंचविशीत सुरू केलेला मुलगा नियमाप्रमाणे दहा-बारा वर्षं बसू शकतो आणि बसतातही, आणि दरवेळी कारण तेच असतं, एवढी वर्षं घातली मग आता कसं सोडू. गेलेली वर्षं परत येत नाहीत, तुम्ही राहिलात तरी नाही आणि सोडलंत तरी नाही, पण निकालाच्या रात्री हे कुणाला पटत नाही, दोन मार्कांनी राहिलं की कुणीही म्हणणार अजून एक अटेम्प्ट. म्हणून ही तारीख निकालाच्या आधी ठरवायची, शांत डोक्याने, घरच्यांसमोर बसून, कागदावर. किती अटेम्प्ट, किती पैसे, कितव्या वर्षापर्यंत, आणि त्यानंतर काय. त्यानंतर काय हा रकाना रिकामा ठेवायचा नाही. कॅनडातले कार्स्टन व्रॉश नावाचे संशोधक आहेत, त्यांच्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासात असं दिसलं की जे हाताबाहेर गेलेलं ध्येय सोडू शकतात आणि दुसरं धरू शकतात त्यांना मानसिक त्रास कमी होतो. यात दुसरं धरणं फार महत्त्वाचं आहे. नुसतं सोडलं की माणूस रिकामा होतो.

आणि सोडताना दुःख होतं, होऊ द्या. गावात तुम्हाला चार वर्षं "साहेब" म्हणून हाक मारलेली असते, तो साहेब जातो. रूम सोडताना पुस्तकांचे गठ्ठे निम्म्या किमतीला ज्युनियरला द्यायचे असतात. मी ज्यांना थांबताना बघितलं त्यातले काही जण महिनोन्‌महिने कुणाच्या लग्नाला गेले नाहीत. त्यांना हारलेले म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. ठरवलेल्या तारखेला थांबणारा माणूस शब्दाचा पक्का असतो.

मुलींचं वेगळं बोलायलाच पाहिजे. मुलाला घर म्हणतं बस अजून एक वर्ष, मुलीला म्हणतं हे एक वर्ष, नाही झालं तर स्थळं बघायची. म्हणजे तिची तारीख तिने ठरवलेलीच नाही, आणि त्या एका वर्षात तिने अभ्यास करायचा की पाहुण्यांसमोर चहा घेऊन जायचं? पालकहो, मुलाला जेवढे अटेम्प्ट देताय तेवढेच मुलीला द्या, आणि तेही कागदावर लिहा. एवढं तरी करा.

पालकांसाठी अजून एक. हवाई बेटांमध्ये कवाई म्हणून बेट आहे, तिथे 1955 ला जन्मलेल्या 698 मुलांचा एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मोठी होईपर्यंत, पुढे कित्येक दशकं, मागोवा घेतला. गरिबी, घरात भांडणं, आईवडील आजारी, अशा अवघड परिस्थितीतली जी मुलं होती त्यातली साधारण एक तृतीयांश पुढे चांगली, समर्थ माणसं झाली, आणि त्यांच्यात वारंवार दिसलेली एक गोष्ट म्हणजे आयुष्यात निदान एक भरवशाचं मोठं माणूस. आईवडीलच असं नाही, आजी, मावशी, शिक्षक, कुणीही. तग धरायची ताकद एकट्याच्या छातीत नसते हो, ती अशी दुसऱ्यामुळे येते. तर ते एक माणूस तुम्ही व्हा. फोनवर पहिला प्रश्न "अभ्यास कसा चाललाय" नको, "निकाल कधी" तर नकोच नको. जेवलास का विचारा, झोप लागते का विचारा, शेतातलं सांगा, म्हैस व्याली ते सांगा. आणि लग्नाकार्यात कुणी पाहुणा निकालाचं विचारायला लागला तर मुलाने उत्तर द्यायच्या आधी तुम्ही मध्ये पडा.

झोपेवरून सांगते, रात्र रात्र जागून अभ्यास केल्याचं कौतुक बंद करा, वाचलेलं पक्कं बसायला झोप लागतेच. आणि ताण वेगळा आणि आजार वेगळा. पेपरच्या आधी पोटात गोळा येणं हे होणारच. पण दोन आठवडे झाले तरी झोप नाही, जेवण नाही, कशातच मन लागत नाही, मुलगा रूममधून बाहेरच येत नाही, किंवा मेलेलं बरं असं काही बोलला, गमतीत बोलला तरी, तर ते अभ्यासाचं टेन्शन आहे म्हणून सोडून द्यायचं नाही, त्याला एकटं ठेवायचं नाही, डॉक्टरकडे न्यायचं. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, 14416, फुकट आहे, चोवीस तास असते, मराठीत बोलता येतं. आत्ता सगळ्यांनी मोबाईल काढा आणि नंबर सेव्ह करा, पालकांनी पण. रूम पार्टनरनो, तुम्ही तर नक्की, कारण घरच्यांच्या आधी तुम्हालाच दिसतं.

झाला सेव्ह? मग आता प्रश्न घेऊ. आणि वरच्या मुलांनी जाताना टेबलावरचा कागद एकेक घेऊन जा, अटेम्प्ट, पैसे, वय आणि त्यानंतर काय, चार रकाने आखलेत, घरी बसून भरा. कुणाला भरताना अडलं तर मी रविवारी संध्याकाळी इथेच खालच्या खोलीत असते, आईवडिलांना घेऊन आलात तर जास्त चांगलं.