लोणारच्या तळ्याला सांडवा नाही

नमस्कार श्रोतेहो.

आज २ फेब्रुवारी, जागतिक पाणथळ दिवस. १९७१ साली याच दिवशी इराणमधल्या रामसर गावी पाणथळ जागा राखण्याचा करार झाला. २०२० मध्ये त्या कराराच्या यादीत आमच्या लोणार सरोवराचं नाव लागलं. महाराष्ट्रातून पहिला मान नांदूर मध्यमेश्वरला मिळाला होता, दुसरा आम्हाला. मी लोणारची. शाळेत विज्ञान शिकवण्यात माझी नोकरी झाली, आणि आता माझी रविवारची सकाळ श्रमदान करणाऱ्या आमच्या गटाबरोबर विवराच्या काठावर जाते. तिथे आम्ही काय करतो, काय करायचं टाळतो, ते आज सांगायला आले आहे.

ज्यांनी लोणार पाहिलेलं नाही त्यांनी एक भलीमोठी कढई डोळ्यांसमोर आणावी. बुलढाणा जिल्ह्यातलं सपाट, काळं रान. सोयाबीन, तूर, कपाशी. चालता चालता जमीन जराशी चढते आणि मग एकदम पायाखालून निघून जाते. समोर गोल खड्डा, या काठापासून त्या काठापर्यंत सुमारे १.८ किलोमीटर. खाली दीडेकशे मीटरवर झाडीच्या कड्यात हिरवट पाणी. उल्का येऊन इथल्या बसाल्टवर, म्हणजे काळ्या खडकावर आदळली आणि हे विवर झालं. आघाताच्या प्रचंड दाबाने खडकातल्या स्फटिकांची जी काच होते ती इथे सापडली, आणि १९७०च्या दशकात ज्वालामुखी की उल्का हा वाद मिटला. वयाबद्दल मात्र अजून दोन मतं आहेत. एक मोजणी सुमारे ५२ हजार वर्षं सांगते, दुसरी साडेपाच लाखांच्याही पुढे जाते. आणि या कढईच्या अगदी काठाला लागून आमचं गाव वसलेलं आहे.

आता मुख्य गोष्ट. तळं म्हटलं की त्याला सांडवा आला. पाणी भरलं की जास्तीचं वाहून जातं आणि त्याबरोबर थोडी घाणही जाते. नदीकाठच्या माणसाला तर सवयच असते की टाकलेलं पुढच्या गावाला जातं. लोणारच्या तळ्याला सांडवा नाही. चहूबाजूंनी भिंत आहे. पाणी आत येतं पावसाचं, झऱ्यांचं, गोमुखातून पडणाऱ्या धारेचं. बाहेर जायला त्याला वाफ होण्याखेरीज वाट नाही. वाफ होते ती निव्वळ पाण्याची. त्यात विरघळलेलं सगळं खालीच राहतं. हजारो वर्षं असंच चालल्यामुळे हे पाणी खारं झालं आणि साधं खारं नव्हे, सोड्याचं झालं. सामू म्हणजे पाणी किती आंबट की किती सोड्याचं, त्याचं माप. समुद्राच्या पाण्याचा सामू साधारण ८, आमच्या तळ्याचा १०च्या आसपास. सामूच्या मोजपट्टीत एक पायरी म्हणजे दहापट. दोन पायऱ्या म्हणजे शंभरपट.

हे मी वर्गात फळ्यावर वर्षानुवर्षं लिहीत होते आणि मुलं वहीत उतरवून घेत होती. मग एका वर्षी हळद घेतली. पांढऱ्या कागदाला ओली हळद चोपडून वाळवली, पट्ट्या कापल्या आणि वनरक्षकांना विचारून मुलांना खाली घेऊन गेले. वाटेत धारेचा एक थेंब पट्टीवर टाकला. पट्टी पिवळीच. खाली काठाशी तळ्याचा थेंब टाकला, तर पट्टी लाल. मुली ओरडल्या, "बाई, कुंकू झालं!" आणि खरंच, हळदीला चुना किंवा सोडा लागला की तिचं कुंकू होतं. हळदीचा डाग पडलेलं पातळ साबणाने धुताना लाल होतं, तेही याचमुळे. त्या दिवशी एका मुलीने घरी जाऊन उरलेली पट्टी मोरीच्या पाण्यात बुडवली आणि सोमवारी ती लाल पट्टी मला आणून दाखवली. "बाई, आमच्या मोरीचं पाणी तळ्यासारखं आहे का?"

त्या प्रश्नाने आमच्या कामाची दिशा ठरली. त्याआधीही श्रमदान चालत होतं, पण कसं, ते सांगते.

सुरुवातीला आम्ही खाली उतरायचो, काठावर. एका उन्हाळ्यात पाण्याच्या कडेला हिरवी साय धरलेली दिसली, वास येत होता. आम्ही ठरवलं, ही घाण काढायची. घमेली आणली, दोन-तीन खेपा भरल्याही. अभ्यासासाठी आलेल्या एका संशोधकांनी थांबवलं आणि शांतपणे सांगितलं, की ही हिरवी साय या तळ्याचं पीक आहे. स्पिरुलिना नावाने जे विकत मिळतं त्या जातीचे सूक्ष्म जीव या सोड्याच्या पाण्यात आपोआप वाढतात. त्यांच्यावर बारीक किडे जगतात, किड्यांवर शेकाट्यासारखे लांब तंगड्यांचे पक्षी. आणि तो कुजल्यासारखा वास गंधकाचा, तळाच्या चिखलातून येणारा, इथला स्वतःचा. आम्ही तळ्याच्या तोंडचा घास काढत होतो. भरलेली घमेली तिथेच काठाला परत रिकामी केली. मला त्या दिवसाचं अजून वाईट वाटतं, कारण विज्ञानाची शिक्षिका असून मी विचारायच्या आधी हात घातला.

तेव्हापासून आमचा एक नियम आहे. काठावर नवीन कोणी आलं तर पहिल्या रविवारी त्याने काही उचलायचं नाही, नुसतं बघायचं. उत्साही तरुणांना हे जड जातं. ते म्हणतात, गाळ काढू, झाडं लावू, कारंजं करू. दुसऱ्या तळ्यावर यातलं काही ठीकही असेल. इथला गाळ म्हणजे हजारो वर्षांच्या पावसा-दुष्काळाची नोंदवही आहे. तिचं एक पानही उलटायचा आपल्याला अधिकार नाही. आणि हे अभयारण्य आहे, २००० सालापासून. इथे लावण्यापेक्षा काढायचं झाड महत्त्वाचं आहे, ते म्हणजे वेडी बाभूळ. ही परदेशातून आलेली बाभूळ विवराच्या उतारावर आणि काठावर माजली आहे. नुसती तोडली तर बुंध्यातून दुप्पट फुटते. मुळापासून खणावी लागते, आणि तिच्या शेंगा शेळ्या खाऊन लेंड्यांतून बी पसरवतात, म्हणून खणून झाल्यावरही पुढची काही वर्षं रोपटी उपटत राहावी लागतात. हे काम वनविभाग सांगेल त्या पट्ट्यात, त्यांच्या माणसांबरोबरच करायचं. विवरातल्या जुन्या देवळांच्या भिंतीतून पिंपळ उगवलेला दिसला तरी ओढायचा नाही. मूळ दगड धरून असतं, ओढलं की दगडही येतो. ते पुरातत्त्व खात्याच्या जाणकारांचं काम.

आता त्या मुलीच्या मोरीकडे येते.

अकबराच्या काळातल्या एका सरकारी नोंदीत लोणारबद्दल लिहिलंय, की काच आणि साबण करायला जे जे लागतं ते सगळं इथल्या डोंगरात मिळतं. तळ्याकाठी साचणारा सोडा लोक पिढ्यान् पिढ्या खरवडून काढत आणि विकत. त्याच्या प्रतीप्रमाणे त्याला नावं होती: दल्ला, पापडी, भुसकी. म्हणजे या तळ्याने लोकांना साबण पुरवला. आणि आज तळ्याकडे उलटा जातो तो आपल्या घरातला साबण.

धारेवर या, म्हणजे दिसेल. गोमुखातून बारमाही पडणारं गोडं पाणी, उन्हाळ्यातसुद्धा. दूरदूरचे भाविक स्नानाला येतात. श्रद्धेने येतात, आणि मी स्वतः लहानपणी आजीचं बोट धरून तिथे स्नान केलेलं आहे. पण आता अंगाला साबण, डोक्याला शाम्पूची पुडी, आणि स्नान झालं की तिथेच कपडे धुणं. ते पाणी थेट खाली जातं. धुण्याच्या पावडरीत फॉस्फेट असेल तर ते शेवाळाला खतच. शिवाय शाम्पूची रिकामी पुडी. मी बाकी कशाने चिडत नाही, पण नखाएवढ्या त्या फाटलेल्या कोपऱ्याने चिडते, कारण तो काठीने उचलता येत नाही, वाकून नखाने काढावा लागतो.

आम्ही आधी पाट्या लावल्या. पाट्या कोणी वाचत नाही. मग आमच्या गटातल्या दोन वयस्कर काकू सणावाराला धारेपाशी बसू लागल्या. त्या भाविकांना एवढंच म्हणतात, "माय, तीर्थाला साबण कशाला? तीर्थाने अंग शुद्ध होतं नं?" याला कोणाकडे उत्तर नसतं. बायका हसतात आणि साबण पिशवीत परत ठेवतात. सगळ्याच ठेवतात असं नाही. पण पाटीपेक्षा काकूंचं ऐकणाऱ्या पुष्कळ आहेत. नवरात्रात खाली तळ्याकाठच्या कमळजादेवीची यात्रा भरते, तेव्हा हेच काम उताराच्या तोंडाशी चालतं. खाली जाणाऱ्याच्या हातात प्लास्टिकची पिशवी असली तर ओटीचं सामान कापडी पिशवीत काढून द्यायचं. पिशव्या आम्हीच जुन्या लुगड्यांच्या शिवतो. परत वर येताना पुष्कळजणी त्या परत देतात, काही ठेवून घेतात, आणि ठेवून घेतली तरी चांगलंच.

गावातलं सांडपाणी हा याहून मोठा विषय. वर वस्ती, खाली कढई, आणि उतार एकाच दिशेला. मोठ्या गटाराचं, प्रक्रियेचं काम शासनाचं आहे आणि ते झालंच पाहिजे, त्यासाठी आम्ही अर्जही करतो. पण अर्जाचं उत्तर येईपर्यंत मोरी थांबत नाही. म्हणून काठाजवळच्या गल्ल्यांतून आम्ही शोषखड्ड्याचं सांगत फिरलो. खड्डा, तळाला मोठे दगड, वर लहान, वर विटांचे तुकडे आणि रेती. आमच्या काळ्या मातीत पाणी लवकर मुरत नाही, म्हणून खाली मुरमापर्यंत जावं लागतं, ही गोष्ट एका गवंड्याने आम्हाला शिकवली. पुस्तकातलं माप इथे चाललं नसतं. ज्यांच्याकडे अंगण आहे त्यांनी भांडी घासल्याचं पाणी केळीला, अळूला सोडलं. भांडी राखेने घासायला मात्र फार थोड्या घरांनी हो म्हटलं, कारण चुलीच गेल्या, राख आणायची कुठून? ते मला पटलं. जे घरात नाही ते मागू नये. मग आम्ही इतकंच मागितलं, की पावडर चमच्याने मोजून घ्या, मुठीने नको.

शेतकरी बांधवांसाठी दोन शब्द. विवराच्या भोवतालच्या रानात मुरलेलं पाणी बसाल्टच्या भेगांतून आत झिरपतं. तुमच्या वावरात पडलेला युरिया पिकाने घेतला नाही तर तो त्याच वाटेने निघतो. ठिबक आणि शेणखत याने तुमचा पैसाही वाचतो आणि खालीही बरं. जास्तीचं गोडं पाणी हीसुद्धा या तळ्याला बाधाच आहे, हे बाहेरच्या माणसाला पटवणं फार कठीण जातं. आम्ही दुष्काळी मुलखातली माणसं, आम्हाला पाणी वाढलं की आनंदच होतो. गेल्या काही वर्षांत पाणी कमळजादेवीच्या देवळापर्यंत चढलं, तेव्हा गावातले पुष्कळ लोक म्हणाले, बरं झालं, तळं भरलं. पण खार पातळ झाला की ज्या जीवांचं हे घर आहे ते जातात आणि कुठल्याही डबक्यात जगणारे येतात.

आणि पाणी फार आटलं तर काय होतं, तेही आम्ही पाहिलं. जून २०२०, सगळं बंद होतं, आणि एके दिवशी तळं गुलाबी दिसू लागलं. गावात नाना बोलणी झाली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले. खारात वाढणारे सूक्ष्म जीव आणि त्यांचा तांबडा रंग, हे कारण निघालं. पाणी कमी होऊन खार वाढला होता. पाऊस पडला, रंग गेला. त्या दिवसांत मला वाटलं, तळं बोलतंय. आपण त्याची हळदीची पट्टी करून ठेवली आहे.

श्रोतेहो, लोणारला याल तेव्हा रविवारी सकाळी या. पायात बूट, सोबत पाण्याची आपली बाटली, आणि साबण घरी ठेवून. आणि येणं जमत नसेल तरी एक करता येईल. तुमच्या गावालाही तळं असेल, नदी असेल, निदान नाला तरी असेल. कागदाला हळद चोपडा, वाळवा, आणि तुमच्या मोरीच्या पाण्यात बुडवा. लाल झाली, तर ती पट्टी हातात घ्या, घराबाहेर पडा आणि ते पाणी कुठवर जातं ते त्याच्याबरोबर चालत जाऊन बघा. शक्यतो घरातलं एखादं मूल बरोबर घ्या, वाटेतले प्रश्न तेच विचारील.

नमस्कार.