अर्ध्या मीटरचे चाक

पडद्यावर दिसणारी ही भोकांची पत्र्याची पट्टी मेकानोच्या एका जुन्या संचातील आहे. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांनी १९०१ मध्ये या खेळण्याचे पेटंट घेतले. त्याच्या पट्ट्यांवरील भोके अर्ध्या इंचाच्या, म्हणजे १२.७ मिलिमीटरच्या, अंतराने पाडलेली असतात, आणि ठाण्यात, वागळे इस्टेटजवळच्या एका घराच्या गॅलरीत, आम्ही अंतर मोजण्याचे जे चाक बांधत आहोत, ते याच अंतराच्या भरवशावर.

चाकाचा परीघ बरोबर ५० सेंटीमीटर हवा; मग दोन फेरे म्हणजे एक मीटर. लांब पट्ट्या वाकवून, सांध्यांना आतून जोडपट्टी देऊन, ३८ भोकांचे कडे केले की पट्टीच्या मध्यरेषेवर परीघ ४८२.६ मिलिमीटर भरतो आणि पत्र्याच्या जाडीमुळे बाहेरून सुमारे ४८६. उरलेले १४ मिलिमीटर भरून काढते ती रबराची धाव. सायकलच्या जुन्या ट्यूबचे दोन थर मिळून सव्वादोन मिलिमीटर जाडीचे होतात, आणि परिघात जाडीच्या सव्वासहा पट भर पडते. बाहेर आलेले बोल्टचे माथे या रबरात भोके पाडून बुडवले आहेत. तसे केले नसते तर प्रत्येक फेऱ्याला चाक उडाले असते.

परीघ व्यासावरून काढण्याचा मोह आवरावा लागतो. आर्यभटांनी दिलेले ३.१४१६ हे गुणोत्तर या कामाला पुरून उरते. अपुरी पडते ती आपली फूटपट्टी. व्यास मोजताना एक मिलिमीटरची चूक झाली, तर शंभर मीटरच्या २०० फेऱ्यांत ती ६३ सेंटीमीटर होते. शिवाय हाताच्या दाबाखाली रबर किंचित दबते, आणि जमिनीवर लागू पडतो तो हा दबलेला परीघ. म्हणून सोसायटीच्या वाहनतळात टेपने २० मीटर आखून, नेहमीच्याच दाबाने चाक ४० फेरे चालवले. पहिल्या खेपेला ते खुणेच्या १२ सेंटीमीटर अलीकडे थांबले, म्हणजे दर फेऱ्याला तीन मिलिमीटर कमी पडत होते. ट्यूबखाली इन्सुलेशन टेपचे तीन वेढे दिल्यावर ते खुणेवर आले.

फेरे मोजण्याचे काम दंतचक्रांचे. १९ दातांचे चक्र ९५ दातांच्या चक्राला फिरवते, तशीच दुसरी जोडी त्यापुढे, आणि शेवटी २५ दातांचे ५० दातांच्या चक्राला. पाच गुणिले पाच गुणिले दोन, असे चाकाच्या ५० फेऱ्यांत काटा एकदा फिरतो. तबकडीचे २५ समान भाग केले आहेत, प्रत्येक भाग एक मीटर. हे दात असे बेतलेले आहेत की पहिल्या दोन्ही जोड्यांच्या आसांमधले अंतर दीड इंच येते, म्हणजे तीन भोकांचे, आणि कानस न चालवता सगळे जुळते. अशा जुळणीचे मला अतिशय अप्रूप आहे. तीन जोड्यांमुळे काटा चाकाच्या उलट फिरतो, म्हणून तबकडी डाव्या बाजूला बसवली. चाक पुढे ढकलताना त्या बाजूने काटा घड्याळाप्रमाणे फिरताना दिसतो.

आता आपण तलावपाळीवर आहोत. मासुंदा तलावाच्या कठड्यालगत एक फेरी, आणि त्याच खडूच्या खुणेपासून सर्वत्र कठड्यापासून एक मीटर अधिक बाहेरून दुसरी. तलाव केवढाही असो, बाहेरची फेरी सुमारे ६.२८ मीटरने लांब भरायला हवी, कारण रबराच्या थराने चाकाचा परीघ ज्या हिशेबाने वाढला, तोच हिशेब येथे लागू होतो. चाकाखाली रबर सव्वादोन मिलिमीटरचे होते. येथे तलावाभोवतीचा थर एक मीटरचा आहे. वाटेत चाक डावीउजवीकडे भरकटले, तर आकडा वाढतो. घसरले, तर कमी होतो. त्यामुळे हात हलका पण स्थिर ठेवून, माणसांना वाट देत, खुणेपर्यंत न थांबता चालायचे आहे.