तर्जनीचं पेर

(दृश्य: काळ्या पडद्यावर फक्त श्वासाचा आवाज. मग गोळीचा.)

22 ऑगस्ट 2018. इंडोनेशियातलं पालेम्बांग. आशियाई क्रीडास्पर्धा, महिलांची 25 मीटर पिस्तुल, अंतिम फेरी. पन्नास गोळ्या झाडून झाल्या आणि फलकावर दोन नावांपुढे एकच आकडा उरला, 34. एक नाव थायलंडच्या नफास्वान यांगपाईबूनचं, दुसरं कोल्हापूरच्या राही सरनोबतचं. शूटऑफ, म्हणजे बरोबरी सोडवायची जादा फेरी. पाच गोळ्या. दोघींच्याही चार-चार लागल्या. पुन्हा शूटऑफ. या वेळी राहीच्या तीन, नफास्वानच्या दोन. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण जिंकणारी राही ही पहिली भारतीय महिला ठरली.

अंतर एका गोळीचं. आणि अशी एखादी गोळी हुकते किंवा लागते ती जागा फार छोटी असते. तर्जनीचं टोकाकडचं पेर.

(दृश्य: पुढे ताणलेला हात, अगदी जवळून. पिस्तुलाचं टोक किंचित डोलतंय.)

हे डोलणं पाहिलंत? नवा मुलगा रेंजवर आला की पहिली तक्रार हीच करतो, “सर, हात हलतोय.” हलणारच. वर्षानुवर्षं सराव केलेल्यांचाही हलतो. छातीत ठोका पडतो, श्वास चालतो, दंडावर किलोभर वजन असतं. सरावाने डोलणं कमी होतं, संपत नाही.

आता थोडं गणित. कंटाळू नका, पिस्तुलाचं सगळं मर्म यात आहे.

10 मीटर एअर पिस्तुलाच्या लक्ष्यावर दहा गुणांचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटर व्यासाचं असतं. शर्टाच्या बटणाएवढं. नेम धरायला पिस्तुलावर दोन साईट असतात, पुढे टोकाशी एक उभी खूण आणि मागे एक खाच. समजा, दोन्ही साईट एका रेषेत आहेत आणि अख्खा हातच तीन मिलिमीटर बाजूला सरकला. गोळीही तीनच मिलिमीटर सरकेल. गुण? दहा. पण हात जागेवर आहे आणि बोटाच्या हिसक्याने फक्त पुढची साईट मागच्या खाचेत एक मिलिमीटर कलली, तर? दोन साईटमधलं अंतर साधारण 33 सेंटिमीटर. दहा मीटरवर पोचेपर्यंत त्या एका मिलिमीटरचे तीस होतात. गुण सात.

म्हणजे ज्या थरथरीची धास्ती असते, ती बरंचसं माफ करते. हिसका काहीच माफ करत नाही.

आणि हिसका येतो कशातून? लोभातून. डोलणारी साईट मधूनच दहाच्या समोर येते, मन म्हणतं ‘आत्ता!’, आणि बोट झडप घालतं. बोटाबरोबर मनगट आवळतं, मूठ आवळते, टोक खाली जातं. उजव्या हाताच्या नेमबाजाच्या गोळ्या डावीकडे खाली जमू लागल्या की प्रशिक्षक लक्ष्य बघायलाही जात नाहीत. ते उभे राहून बोट बघतात.

(दृश्य: ट्रिगरवरचं बोट. पेराच्या मधला मांसल भाग टेकलेला.)

एअर पिस्तुलाच्या ट्रिगरला नियमाने किमान 500 ग्रॅम दाब लागतो, 25 मीटर पिस्तुलाला 1 किलो. हा दाब एकदम द्यायचा नाही. आधी ट्रिगरचा ढिला, सहज मागे येणारा भाग काढून घ्यायचा, मग बोट एका जागी अडतं. तिथून पुढे सरळ मागे, हळूहळू, साईट डोलत असतानाच. गोळी नेमकी कधी सुटली हे नेमबाजाला आधी कळलं नाही, तर शॉट बहुधा चांगला असतो. सुटल्यावरही क्षणभर हात तसाच, बोट मागेच, नजर साईटवरच.

नजर साईटवर, लक्ष्यावर नाही. आपल्याकडे अर्जुनाची गोष्ट ऐकत मोठी झालेली मुलं इथे हमखास अडखळतात. त्यांना पोपटाचा डोळा स्पष्ट बघायचा असतो. पिस्तुलात लक्ष्य धूसर दिसू द्यायचं. ठळक दिसायला हवी ती पुढची साईट, आणि तिच्या दोन्ही बाजूंना सारख्या रुंदीच्या उजेडाच्या फटी.

सात-आठ सेकंदांत शॉट सुटला नाही तर हात खाली. हे सांगायला सोपं आहे. एअर पिस्तुलात साठ गोळ्यांना 75 मिनिटं असतात, घाई नसते, तरी उचललेला हात न झाडता खाली घ्यायला माणूस का कचरतो, कोण जाणे.

(दृश्य: 25 मीटरची रेंज. हिरवा दिवा. एक हात वर उठतो.)

राहीच्या प्रकारात मात्र ती चैन नाही. वेगाच्या टप्प्यात हात 45 अंशांवर खाली धरलेला, हिरवा दिवा लागतो, तीन सेकंद, एक गोळी. हात वर येता येताच बोट ढिला भाग काढून घेतं. वर पोचल्यावर काढू म्हणाल तर तिसरा सेकंद सुरू झालेला असतो.

शाळेतल्या एनसीसीत तिने पहिल्यांदा बंदूक धरली. 2013 मध्ये कोरियातल्या चांगवोनला विश्वचषकाचं सुवर्ण घेतलं. मग कोपर दुखावलं, बराच काळ खेळ थांबला. परत उभी राहिली तेव्हा प्रशिक्षक म्हणून सोबत होत्या मुंखबयार दोर्जसुरेन. 1992 ला मंगोलियाकडून आणि 2008 ला जर्मनीकडून, सोळा वर्षांच्या अंतराने याच प्रकारात ऑलिम्पिक कांस्य जिंकलेल्या.

(दृश्य: घरातली खोली. पांढरी, कोरी भिंत.)

सरावाचा मोठा भाग आवाजाशिवाय होतो. त्याला ड्राय फायर म्हणतात. पिस्तुल रिकामं आहे हे दोनदा पाहायचं, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवायच्या, आणि कोऱ्या भिंतीसमोर उभं राहायचं. भिंतीवर टिंबही नको. लक्ष्यच नाही म्हटल्यावर ‘आत्ता!’ म्हणायला मनाला जागा उरत नाही. ट्रिगर सुटताना साईट हलली का, एवढंच बघायचं.

रेंजवर प्रशिक्षक याचीच एक खोडी काढतात. मॅगझिनमध्ये मधूनच एक खोटी गोळी घालून ठेवतात, नेमबाजाला न सांगता. टक् असा नुसता आवाज होतो, आणि धक्का नसतानाही पिस्तुलाचं टोक खाली झुकतं. सगळ्यांसमोर. खोलीभर हसू.

(दृश्य: पुन्हा भिंत. हात वर. टक्. साईट जागेवर. हात खाली. पुन्हा वर.)