दीव : झांपा दरवाजा ते किल्ला, पायी

(पडद्यावर : झांपा दरवाजा, सकाळचं कोवळं ऊन)

बडोद्याहून रात्री बसमध्ये बसायचं आणि सकाळी दीवला उतरायचं. आपल्याकडची बहुतेक मंडळी इथून सरळ नागोआ बीच गाठतात, भिजतात, जेवतात आणि दुसऱ्या दिवशी परत फिरतात. मधलं शहर राहूनच जातं. ते शहर आज आपण पायी बघणार आहोत. पश्चिमेच्या तटातल्या या तांबड्या झांपा दरवाजापासून बेटाच्या पूर्व टोकावरच्या किल्ल्यापर्यंत. सरळ चाललं तर अर्ध्या-पाऊण तासाची वाट आहे. आम्हाला संध्याकाळ झाली.

माझी आजी दीवला 'फिरंग्यांचं गाव' म्हणायची. तिचे वडील गायकवाड सरकारच्या नोकरीत कोडिनारला होते. कोडिनार बडोदा राज्याच्या अमरेली प्रांतातलं. मध्ये एवढा जुनागढच्या नवाबाचा उना, तो ओलांडला की पोर्तुगालची हद्द. आजीच्या गोष्टींमुळे हे बेट मला न बघताच ओळखीचं झालं होतं.

दरवाजावर मान वर करून बघा. सिंह आहेत, पंखांचे देवदूत आहेत, एक पाद्रीही आहे. आत शिरलं की गल्ल्या सुरू होतात, आणि शहर खरं तिथं आहे.

(पडद्यावर : नगरशेठ हवेलीजवळची गल्ली, मग एका दाराचा क्लोजअप)

या दारापाशी मी बराच वेळ उभा होतो. खालचं लाकूड खाऱ्या हवेनं आणि पावसानं पोखरलंय. पण वरच्या पट्टीवर कोरलेली वेल अजून इतकी रेखीव आहे, की बोट फिरवलं तर पानांच्या शिरा हाताला लागतात. आपल्या बडोद्यातल्या दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यांच्या दारांवर अशीच वेल दिसते. वर मात्र फिरंगी वळणाचा कठडा आहे. दाराला कुलूप. पलीकडच्या दाराला कुलूप. त्याच्या पलीकडेही.

ओट्यावर बसलेल्या एका बांनी, म्हणजे आजींनी, आम्हाला पाणी दिलं. बडोद्याचे म्हटल्यावर गुजरातीत गप्पा सुरू झाल्या. मुलगा लिस्बनला, नातू इंग्लंडला. शेजारच्या घराची किल्ली त्यांच्याकडेच असते. दिवाळीच्या आधी त्या स्वतः ते घर झाडून घेतात. त्यांच्या हातातला तो किल्ल्यांचा जुडगा बघून मला गलबलून आलं.

ही घरं बांधली कुणी? दीवच्या वाणी व्यापाऱ्यांनी. 1686 मध्ये पोर्तुगीजांनी त्यांच्या मंडळीला दीव आणि मोझांबिक यांच्यातल्या व्यापाराचा मक्ता दिला. आफ्रिकेला जायचं ते मुख्यतः कापड, आणि त्यातलं पुष्कळसं विणलं जायचं जंबुसरला. हो, तेच, बडोद्याजवळच्या पादरा गावाच्या पुढचं आपलं जंबुसर. मोझांबिकमध्ये यंदा कोणती पट्टी खपेल, कोणता रंग चालेल, याचा निरोप समुद्रावरून यायचा आणि इथल्या मागांवर त्याप्रमाणे ताणा चढायचा. गलबतं हिवाळ्यातल्या ईशान्येच्या वाऱ्यावर निघायची आणि नैऋत्येच्या वाऱ्यावर परतायची. येताना हस्तिदंत आणायची. त्याचा चुडा व्हायचा, आणि गुजरातेतल्या नवऱ्या तो हातात भरून मांडवात बसायच्या. दीवचा इतिहास सांगताना सगळे आरमारं आणि तोफा सांगतात. मला विचाराल तर तो या कापडाच्या गठ्ठ्यांपासून सांगायला हवा. तोफा इथं आल्या त्याच मुळी या गठ्ठ्यांसाठी.

(पडद्यावर : सेंट पॉल चर्चची दर्शनी भिंत)

सेंट पॉल 1610 मध्ये पुरं झालं, आजही तिथं प्रार्थना होते. सेंट थॉमसचं संग्रहालय झालंय. आत जाऊन या, गारवा आहे.

(पडद्यावर : किल्ल्याचा खंदक, भरतीचं पाणी)

आणि हा किल्ला. तीन बाजूंनी समुद्र, चौथीला खडक फोडून काढलेला खंदक. 3 फेब्रुवारी 1509 ला याच पाण्यात पोर्तुगीजांनी इजिप्तच्या, गुजरातच्या सुलतानाच्या आणि कालिकतच्या सामुरी राजाच्या आरमाराला हरवलं होतं. पण पाय रोवायला त्यांना 1535 उजाडलं. हुमायूं मागे लागलेला, म्हणून गुजरातच्या सुलतान बहादूरशहानं मदतीच्या आशेनं किल्ल्याला परवानगी दिली. दोनच वर्षांनी, 1537 मध्ये, पोर्तुगीजांच्या भेटीला गेलेला बहादूरशहा इथंच समुद्रात मारला गेला.

पुढे दोन मोठे वेढे पडले, 1538 आणि 1546 चे. दुसरा वेढा मोडला तेव्हा तट पार ढासळला होता आणि तिजोरीत पैसा नव्हता. गव्हर्नर जुआंव द कास्त्रो याचा मुलगा फर्नांदो याच वेढ्यात, बुरूज उडाला तेव्हा गेला. बापानं गोव्याच्या नगरसभेकडे कर्ज मागितलं. तारण म्हणून मुलाच्या अस्थी पाठवायचं त्याच्या मनात होतं, पण देह उकरण्याच्या स्थितीत नव्हता. मग त्यानं आपल्या दाढीचे केस गहाण म्हणून पाठवले. तो आपल्या किनाऱ्यावर चालून आलेला माणूस, हे मी विसरत नाही. तरीही या तटावर हात ठेवला की आधी तो बाप आठवतो.

19 डिसेंबर 1961 ला दीव भारतात आलं. आजी तेव्हा बडोद्यात होती. रेडिओवर बातमी ऐकून ती म्हणाली होती, "आता कोडिनारहून सरळ जाता येईल." तिला जमलं नाही.

(पडद्यावर : तटावरून खाडीचं मुख)

पहारेकऱ्याची शिट्टी वाजतेय, किल्ला बंद व्हायची वेळ झाली. समोर पाण्यात दगडी जहाजासारखा पाणीकोठा, म्हणजे छोटा जलदुर्ग, उभा आहे. त्याच्याच बाजूनं जंबुसरच्या कापडाची गलबतं बाहेर पडत असतील. आत्ता खारव्यांच्या होड्या निघाल्यात, एकामागून एक. डिझेलचा वास इथं तटावरपर्यंत येतोय.